शेतातला मित्र भिंतीवर येतो तेव्हा

लेखमाला : घरातले किडे, समजून घेताना (भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती गोळा होणाऱ्या पंखवाल्या वाळवीबद्दल बोललो. तो पाहुणा एका रात्रीचा. सकाळी झडलेले पंख केरसुणीने गोळा केले की झालं. आजचा पाहुणा मात्र ऑक्टोबरात येतो आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो. महाराष्ट्रातल्या घरांना त्याचा त्रास नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या घरांना आहे, आणि तिथे आपली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी, आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी आजचा भाग.

या पाहुण्याला अमेरिकेत लेडीबग म्हणतात, कृषी खात्याच्या पुस्तिकांत लेडीबर्ड बीटल आणि आपल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात ढालकिडा. पाठ ढालीसारखी अर्धगोल, म्हणून ढालकिडा. चौतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना करडईच्या शेतात नेऊन हा किडा दाखवला. मावा खातो, पिकाला हात लावत नाही, दिसला तर फवारणी थांबवा, हे किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद नाही. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी ओहायोमध्ये लेकीच्या घरी जे पाहिलं, त्याने मला पुन्हा अभ्यासाला बसवलं.

कोलंबस शहराच्या कडेला तिचं घर. मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे सोयाबीन. त्या आठवड्यात कम्बाइनने सोयाबीन काढून नेलं होतं. दोन रात्री चांगल्याच गार गेल्या आणि मग एक दुपार अशी उबदार निघाली, की स्वेटर काढून ठेवावा. तीनच्या सुमाराला लेकीने हाक मारली, "बाबा, बाहेर या. भिंत बघा."

घराची नैऋत्येकडची फिक्या पिवळसर रंगाची भिंत ठिपक्यांनी भरली होती आणि ते ठिपके चालत होते. शेंदरी, लाल, हळदी रंगाचे ढालकिडे खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या वरच्या पट्टीवर, पन्हळीखाली. हवेतून आणखी येत होते आणि भिंतीवर टप टप आपटत होते. नातीने हात पुढे केला तर मिनिटभरात तिच्या बाहीवर सात-आठ बसले. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. जावयांनी केरसुणीने ते सुपलीत ओढायला सुरुवात केली आणि पांढऱ्या पडद्यावर, पांढऱ्या भिंतीवर पिवळे-नारिंगी फराटे उमटले. वासही सुटला. ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा, उग्र, आणि त्यात खवट शेंगदाण्याची भर.

लेकीने विचारलं, "बाबा, आमचं घर अस्वच्छ आहे का?" हा प्रश्न मला तिथे पुढे बऱ्याच घरांतून ऐकायला मिळाला. त्याचं उत्तर आधी देतो : नाही. ढालकिड्याचा आणि घरातल्या स्वच्छतेचा काही संबंध नाही. खरकट्याला झुरळ येतं, साखरेला मुंगी येते. ढालकिडा फक्त भिंतीला येतो.

हा नेमका कोणता ढालकिडा

ढालकिड्यांच्या जगभरात हजारो जाती आहेत. घरात असा झुंडीने शिरणारा यातला मुख्य, हार्मोनिया ॲक्सिरिडिस. अमेरिकेत त्याला बहुरंगी आशियाई ढालकिडा म्हणतात. लांबी पाच ते आठ मिलिमीटर, रंग पिवळट शेंदरीपासून गडद लालपर्यंत. पाठीवरचे ठिपके मोजून तो ओळखता येत नाही, कारण एकाला एकोणीस असतात तर दुसऱ्याला एकही नसतो. ओळख डोक्यामागे आहे. तिथल्या पांढरट कवचावर काळ्या रंगात इंग्रजी 'एम' अक्षरासारखी खूण असते. उलट बाजूने पाहिलं तर तीच 'डब्ल्यू' दिसते. नातीला भिंग दिलं तेव्हा तिने दहा मिनिटांत ही खूण शोधायला शिकून घेतलं.

तो तिथे पोचला कसा

ही गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागांत. १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापशी खवल्या किडीने तिथल्या बागा वाळत चालल्या होत्या. १८८८-८९ मध्ये अल्बर्ट कोबेले यांनी त्या किडीचा ऑस्ट्रेलियातलाच शत्रू, रोडोलिया नावाचा छोटा ढालकिडा, बोटीने कॅलिफोर्नियाला धाडला. दोनेक वर्षांत बागा सावरल्या. किडीवर किडा सोडून पीक वाचवता येतं, याचं ते जगभर दाखवलं जाणारं उदाहरण ठरलं. आपल्याकडेही १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवल्या किडीसाठी ऑस्ट्रेलियातूनच क्रिप्टोलीमस हा ढालकिडा आणला होता. आज आपले द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी बागेत सोडतात, तो हाच.

या यशामुळे ढालकिड्यांवरचा विश्वास वाढला. चीन, जपान, कोरिया आणि पूर्व सायबेरियात राहणारा हार्मोनिया खादाड, काटक आणि झाडांवरच्या माव्यावर तुटून पडणारा. १९१६ मध्ये तो पहिल्यांदा कॅलिफोर्नियात सोडला, तगला नाही. पुढे साठच्या दशकात आणि मग सत्तरच्या दशकाअखेरीपासून जॉर्जिया, लुइझियाना, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत पुन्हा पुन्हा सोडला. पिकॅन आणि सफरचंदासारख्या झाडांवरची कीड आटोक्यात आणणं हा हेतू. बराच काळ तो कुठे दिसेना. १९८८ मध्ये लुइझियानात त्याची टिकून राहिलेली वस्ती सापडली. ती सोडलेल्या किड्यांची, की बंदरावर जहाजांतून उतरलेल्यांची, यावर शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. पुढची दहा-पंधरा वर्षं मात्र त्याने कुणाची वाट पाहिली नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागांत आणि कॅनडात तो पसरला. युरोपात हरितगृहांसाठी तो विकत मिळत असे. तिथूनही तो बाहेर पडला आणि २००४ मध्ये इंग्लंडमध्ये पोचला.

ओहायोसारख्या राज्यांत त्याच्या संख्येला आणखी एक कारण मिळालं. २००० साली सोयाबीनवरचा मावा उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा आढळला. हा मावाही मूळचा पूर्व आशियातलाच. आपल्याकडे सोयाबीन म्हटलं की खोडमाशी आणि चक्रीभुंगा आठवतो, तिकडे मावा आठवतो. मैलोन्‌मैल सोयाबीन, त्यावर मावा आणि माव्यावर ढालकिडा. पीक निघालं की हे सगळे एकदम बेघर होतात. लेकीच्या भिंतीवरची गर्दी कुंपणापलीकडच्या शेतातून आली होती.

भिंत म्हणजे त्याचा कडा

आपल्या ढालकिड्याला थंडीत लपावं लागत नाही. उलट पौष-माघात करडईवर मावा चढतो तेव्हा तो शेतात कामावर असतो. हार्मोनियाच्या मूळ मुलखात मात्र हिवाळा बर्फाचा. खायला काही नाही, उघड्यावर राहिलं तर मरण. म्हणून शरद ऋतूत तो उंच, उन्हात उजळलेले खडकांचे कडे शोधतो आणि त्यांच्या भेगांत हजारोंच्या संख्येने शिरून निपचित पडतो. शरीरात साठवलेल्या चरबीवर महिने काढतो.

ओहायोत सपाट शेतं आहेत, कडे नाहीत. दुपारच्या उन्हात दुरून उजळ दिसणारी, उभी, उबदार वस्तू म्हणजे घराची नैऋत्येची भिंत. फिकट रंगाची असेल आणि तिच्यावर गडद चौकटी उठून दिसत असतील, तर तो आणखी ओढला जातो. गार रात्रींनंतर पारा अठरा अंशांच्या वर जाईल अशी दुपार आली, की शेतंच्या शेतं एकदम उठतात. म्हणून काल भिंत स्वच्छ होती आणि आज भरली, असं होतं.

त्याच घरावर ते दरवर्षी का येतात, याचंही उत्तर मिळालं आहे. जिथे ते गर्दी करून बसतात तिथे त्यांच्या अंगावरच्या मेणचट द्रव्याचा पातळ थर मागे राहतो. पुढे येणाऱ्यांना त्या थरावरून जागा कळते. म्हणजे एकदा गर्दी झालेल्या चौकटी आणि फटी साबणाच्या पाण्याने घासून पुसणं फुकट जात नाही.

तो काय करतो आणि काय करत नाही

घरात तो अंडी घालत नाही. त्यामुळे घरात त्यांची संख्या वाढत नाही, आत आले तेवढेच. लाकूड पोखरत नाही, कपडे कुरतडत नाही, धान्याला लागत नाही. हातावर बसला तर क्वचित बारीक चिमटा काढतो, त्याने काही होत नाही.

त्रास आहे तो त्याच्या रक्ताचा. दाबला, चेंगरला की तो पायांच्या सांध्यांतून पिवळं-नारिंगी रक्त सोडतो. शत्रूला पळवून लावायचा हा त्याचा उपाय. त्या कडवट, उग्र रक्ताचे डाग पडदे, गालिचे आणि भिंतीचा रंग यांवरून लवकर जात नाहीत. कॅनडातल्या नायगाराच्या द्राक्षमळ्यांत २००१ साली घडांत दडलेले ढालकिडे द्राक्षांबरोबरच गाळले गेले आणि वाइनला शेंगदाण्यासारखा वास लागला. इतका तो वास चिवट.

काही माणसांना त्याची ॲलर्जी होते. नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांची धाप वाढते. दरवर्षी याच महिन्यांत घरात कुणाला असा त्रास होत असेल, तर डॉक्टरांना या किड्यांबद्दल आवर्जून सांगा. नाहीतर औषध सर्दीचं चालू राहतं. कुत्रा असेल तर किडे तोंडात धरू देऊ नका, ते टाळूला चिकटून जखमा झाल्याची उदाहरणं आहेत.

आत आले, आता काय करायचं

पहिला नियम : झोडपू नका, चिरडू नका, केरसुणीने ओढू नका. लेकीच्या पडद्यावरचे डाग आम्हाला याच चुकीने मिळाले. पडलेल्या डागावर लगेच कोमट पाणी आणि भांड्याचा साबण लावावा, सुकू देऊ नये.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, पण तो नुसता वापरला तर आतली पिशवी कित्येक दिवस वास मारते. त्यावर तिथल्या कृषी विस्तार केंद्रांची एक युक्ती आहे. जुना नायलॉनचा पायमोजा व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडात घालायचा, त्याची कडा बाहेरून नळीवर उलटी करायची आणि रबरबँडने घट्ट बांधायची. ओढलेले किडे मोज्यात जमा होतात, मशिनच्या पोटात जात नाहीत. काम झालं की मशिन बंद करण्याआधी मोजा बाहेर ओढून त्याच रबरबँडने तोंड बांधायचं. आमच्या घरी हे काम नातीने स्वतःकडे घेतलं. पहिल्या रविवारी तिने स्वयंपाकघराच्या दोन खिडक्यांवरून एकशे बारा किडे गोळा केले आणि आकडा फ्रिजवर लिहून ठेवला.

गोळा केलेल्यांचं काय? साबणाच्या पाण्यात टाकले तर लगेच मरतात. मारवत नसेल तर घरापासून दूर, लाकडांच्या ढिगात किंवा पालापाचोळ्यात सोडा. भिंतीजवळ सोडलात तर दुसऱ्या उबदार दुपारी ते परत येतील.

जानेवारी-फेब्रुवारीत ऊन पडलं की भिंतीत झोपलेले काही किडे उबेने जागे होतात आणि उजेडाकडे, म्हणजे घरातल्या खिडकीकडे निघतात. हे नवे आलेले नसतात, भिंतीतलेच बाहेर पडतात. हीटरने तापलेल्या कोरड्या हवेत ते फार दिवस जगत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले दिसतात ते हेच. दिवे, स्विचबोर्ड आणि भिंतीच्या तळपट्ट्या यांच्या कडेच्या फटींतून ते आत येतात. तिथे आतून पट्टी लावली तर खोलीत येणारे कमी होतात.

विष का नको

लोक पहिल्यांदा धावतात ते धुराच्या डब्यांकडे आणि फवाऱ्यांकडे. घरात याचा उपयोग नाही. भिंतीच्या पोकळीत बसलेल्या किड्यापर्यंत औषध पोचत नाही, आपल्या फुप्फुसांपर्यंत मात्र पोचतं. आणि समजा पोचलं, तरी पोकळीत शेकडो मेलेले ढालकिडे साचतात. त्या साठ्यावर गालिचाचे किडे पोसले जातात. त्यांच्या अळ्या मेलेल्या किड्यांबरोबर लोकर आणि रेशीमही खातात. तिकडे आपल्या प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईची पैठणी, लग्नातला शालू असतो. ढालकिड्याने त्याला कधी तोंड लावलं नसतं.

दरवर्षी फारच गर्दी होत असेल, तर सप्टेंबरअखेरीस परवानाधारक माणसाकडून फक्त बाहेरून, दक्षिण आणि पश्चिम भिंतींच्या फटींभोवती सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी करून घेता येते. उन्हाने ते औषध लवकर निकामी होतं, म्हणून वेळ चुकली तर पैसे वाया. फुलांवर मधमाश्या असतील तिथे ते उडवू देऊ नका.

कापराबद्दल मला बऱ्याच जणींनी विचारलं, कारण तो देवघरात असतोच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कापूर आणि मेंथॉल यांच्या वाफेपासून हे किडे दूर गेले. पण कापूर उडून जातो आणि त्याच्याबरोबर परिणामही. शिवाय लहान मुलाच्या पोटात कापराची वडी गेली तर झटके येऊ शकतात. रांगतं मूल असेल त्या घरात खिडकीत कापूर ठेवू नका.

खरं काम सप्टेंबरात

आता मुख्य गोष्ट. ढालकिड्यांचा बंदोबस्त घराबाहेरून, ते येण्याआधी करायचा असतो. ऑक्टोबरात भिंत भरल्यावर फटी बुजवायला निघालो तर निम्मे आधीच आत असतात, आणि बाहेरून बुजवलं की ते खोलीत उतरतात. म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ या कामाचा.

अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. बाहेरून पट्ट्यांचं आवरण, आतून पातळ भिंत, मध्ये पोकळी, वर ॲटिक नावाचा माळा. या रचनेत फटी पुष्कळ, आणि तीन मिलिमीटरची फट ढालकिड्याला पुरते. त्या शोधायला दोन सोप्या चाचण्या आहेत. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा न लावता उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की जिथून उजेडाची रेघ दिसेल ती फट. आणि वारा असलेल्या दिवशी खिडक्या-दारं बंद करून चौकटीच्या कडेने पेटलेली उदबत्ती फिरवायची, पडद्यापासून जपून. धूर जिथे वाकतो तिथून हवा येते. लेक आणि मी एका दुपारी अशा तेवीस जागा शोधल्या आणि त्यांवर खडूने खुणा केल्या.

चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटींत सिलिकॉनचं सीलंट. दाराखाली रबरी पट्टा. पाण्याचे नळ, केबल, एसीच्या नळ्या भिंतीत शिरतात त्या भोकांत फोम किंवा सीलंट. माळ्याच्या आणि छताच्या हवा जाण्याच्या झडपांवर आतून बारीक जाळी. फाटलेल्या खिडकीच्या जाळ्या बदलायच्या. एक काळजी मात्र घ्या. विटांच्या भिंतीत आणि सरकत्या खिडक्यांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोकं असतात. ती बुजवली तर भिंतीत ओल धरते.

आम्हाला हे काम दोन शनिवार-रविवार पुरलं. पुढच्या ऑक्टोबरात भिंत पुन्हा भरली, पण स्वयंपाकघरातला पहिल्या रविवारचा आकडा फ्रिजवर अकरा असा लिहिला गेला. त्या हिवाळ्यात खिडक्यांतून येणारी थंड हवाही कमी झाली.

दोष कुणाचा

ज्या गुणांसाठी हा किडा आणला, तेच गुण बाहेर पडल्यावर भारी पडले. तो मावा संपला की दुसऱ्या जातींच्या ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या खातो. त्याच्या शरीरात असलेले सूक्ष्म परजीवी त्याला काही करत नाहीत, पण त्याची अंडी खाणारे इतर ढालकिडे त्यांनी मरतात, असं २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये नऊ ठिपक्यांच्या देशी ढालकिड्याला राज्यकीटक केलं, तेव्हा तो तिथे दिसेनासा झाला होता. बाहेरून आणलेल्या दुसऱ्या जाती, शेतीतली औषधं अशी कारणं त्यात मिसळलेली आहेत. पण परक्या मुलखातला मित्रकीटक सोडताना किती पुढचं पाहावं लागतं, हे यातून शिकावं. आज असे किडे आणण्याआधी ते आणखी काय खातात याची कसून तपासणी होते. हार्मोनियाच्या वेळी तशी झाली नव्हती.

म्हणून भिंतीवरच्या किड्याचा राग करू नका. एप्रिलमध्ये तो बाहेर पडेल आणि तुमच्या गुलाबावरचा, शेजारच्या सोयाबीनवरचा मावा खायला लागेल. त्याला शेतात राहू द्यावं आणि घराच्या फटी आपण वेळेवर बुजवाव्यात. नातीने यंदा फेब्रुवारीत फोनवर विचारलं, "आजोबा, तुमच्या शेतात आत्ता ढालकिडे आहेत का?" मी भावाच्या शेतात होतो. करडई फुलोऱ्यात होती. शेंड्याखालचं एक पान उलटून मी तिला कॅमेऱ्यात दाखवलं. खाली मावा चिकटलेला आणि मधोमध एक लाल ढालकिडा. तिने आधी त्याच्या मानेवर 'एम' आहे का ते पाहिलं. नव्हता. मग म्हणाली, "त्याला तिथेच राहू द्या."

(पुढच्या आठवड्यात : तांदळातले सोंडे आणि डाळीतले भुंगे)